आम्ही दोघी नाही

सोमवार, ५ नोव्हेंबर

गाडी आली! आईचा फ्लॅट विकून आलेले पैसे धर्मगुरू रब्बाय योखनानना दिले होते, त्यातून घेतलेली. मोठी व्हॅन; आत बाक, प्रार्थनेची पुस्तकं, मेणबत्त्यांची खोकी. दर शुक्रवारी भर चौकात उभी राहणार आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विचारणार – आपण ज्यू का? 'हो' म्हणेल त्या बाईच्या हातात त्या संध्याकाळी लावायच्या शब्बाथच्या मेणबत्त्या.

रब्बायनी विचारलं, दारावर नाव कुणाचं घालू? म्हटलं, कुणाचंच नको. मी दिली हेही कुणाला सांगू नका. त्यांचे डोळे भरून आले. "गुप्तदान! दानाची फार वरची पायरी, बाई."

पायरी कसली. भीती आहे. ऑफिसात नवऱ्याच्या फ्लेमिश, ख्रिस्ती वाटणाऱ्या आडनावावर निभावून नेते. मी ज्यू आहे का, हे कुणी विचारत नाही, मी सांगत नाही.

गुरुवार, ८ नोव्हेंबर

रब्बाय भेटेल त्याला सांगतायत म्हणे – "एक बाई आहे, नाव सांगू देत नाही. काय मन आहे!" शी.

शुक्रवार, १६ नोव्हेंबर

दुपारी गोडेलीव्हबरोबर सूप प्यायला निघाले. ऑफिसात तिचं टेबल माझ्या शेजारी, रविवारी चर्चमध्ये गाते. चौकात गाडी!

"अख्ख्या अँटवर्पमध्ये आपल्याला गाडी लावायला जागा नाही, आणि ह्यांना बघ," गोडेलीव्ह म्हणाली. पण चाल मंदावली तिची.

गाडीपाशी रब्बायची बायको ब्लूमा. तिनं मला कधी पाहिलेलं नाही. "एक विचारू? तुमच्यापैकी कुणी ज्यू आहे का?"

गोडेलीव्हनं तोंड उघडलं. वाटलं, आता ही काहीतरी टोचून बोलणार. तिच्या आधी मीच –

"नाही. आम्ही दोघी नाही."

"असू दे, असू दे. दिवस छान जावो," ब्लूमा हसून म्हणाली.

सूप तसंच ठेवलं. गोडेलीव्हनंही अर्धं वाडगं परत सारलं. माझ्या तोंडावर काही दिसलं असेल का?

रविवार, १८ नोव्हेंबर

आई ज्यू म्हणून मूल ज्यू, हा आमचा नियम; आणि आईच्या पैशांच्या गाडीपुढे उभी राहून आईलाच नाकारलं. कुणी धमकावलं नव्हतं. कुणी आवाजही चढवला नव्हता. नुसतं विचारलं होतं – तेही अदबीनं.

बुधवार, २१ नोव्हेंबर

गोडेलीव्हला सांगायचं. तिच्यासमोर नाही म्हटलं, तिच्यासमोरच हो म्हणायचं. आज जमलं नाही. ती खाली मान घालून काम करत होती, मला तेवढं निमित्त पुरलं.

शुक्रवार, २३ नोव्हेंबर

जिन्यात गाठून सांगितलं. मी ज्यू आहे – त्या दिवशी खोटं बोलले.

तिनं कठडा धरला. "माझी आईही होती गं. ती गेल्यावर मावशीकडून कळलं. मी कुणापाशी बोललेच नाही." मग म्हणाली, "त्या बाईला हो म्हणणार होते मी. तू दोघींचं उत्तर देऊन टाकलंस."

म्हटलं, चल, आत्ता जाऊ, गाडी उभी आहे.

"नको. तेवढा धीर एकदाच गोळा झाला होता."