डावा सुळा, उजवा सुळा

२ मार्च, सोमवार
लॅबच्या मालकीणबाईंनी बोलावून घेतलं. मी बनवलेल्या तीन कवळ्या परत आल्या, म्हणे. आणखी एक आली तर घरी बसायचं. बावीस वर्षं मेणात दात बसवतोय मी! बाईंना स्वतःची लिपस्टिक सरळ लावता येत नाही.

३ मार्च
बायकोने डॉक्टरकडे नेलं. कालचं पोरगं. कागद बघून दहा प्रश्न विचारले. सकाळी उठल्यावर दारू लागते का? लागत नाही म्हटलं, घेतो. बायको हसली नाही. तिला विनोद कळत नाही.
डॉक्टरचं म्हणणं, एकदम सोडू नका, अंगावर येईल. गोळ्या घेत, माझ्या देखरेखीखाली सोडा. म्हणजे सोडा पण म्हणतो आणि सोडू नका पण म्हणतो. असल्यांना डिग्री देतं कोण?

५ मार्च, सकाळी ९
हात थरथरतोय. लॅबमध्ये एसी फार.

सव्वानऊ
बाथरूममध्ये थोडी घेतली. हात दगडासारखा स्थिर! एका गाणं शिकवणाऱ्या बाईंची अख्खी वरची कवळी दुपारपर्यंत तयार. शेजारच्या टेबलावरचा दीडशहाणा सारखा बघत होता. जळतो.

९ मार्च
कवळी परत. डावा सुळा उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसवलाय, असा आरोप. गाण्याच्या बाई आरशात बघून बोलत असतील, तिथे उलटंच दिसतं. हे मालकीणबाईंना नीट समजावून सांगितलं. त्यांनी कवळी माझ्या हातात दिली.
सुळे उलटे होते.
उपचार सुरू केल्याची डॉक्टरची चिठ्ठी आणा, तोवर येऊ नका, म्हणाल्या. चिठ्ठी कसली? आजपासून एकदम बंद. गोळ्या नाहीत, डॉक्टर नाही. दाखवतोच एकेकाला.

१० मार्च
एक थेंब नाही. सोप्पं आहे. लोक उगाच बाऊ करतात. घाम फार येतोय, घाण बाहेर पडत असणार. बायको डॉक्टरला फोन करू का विचारत होती. तिला झापलं.

११ मार्च, दुपारी
भिंतीवर मुंग्या. हजारो. बायको म्हणते एकही नाही. चष्मा बदल म्हटलं तिला. अक्षर वाकडं येतंय, पेन भिकार आ

१६ मार्च, हॉस्पिटल
हे बायको लिहितेय, मी सांगतोय. माझ्या हातात चमचासुद्धा राहत नाही. त्या दुपारी लिहितानाच फिटचा झटका आला, स्वयंपाकघरात पडलो. जीभ चावली गेली. दोन दिवसांचं काही आठवत नाही. मागची पानं तिने वाचली असणार. वाचलीस का, असं विचारलं नाही.
तेच पोरगं डॉक्टर सकाळी येऊन गेलं. मी सांगितलं होतं, असं एकदाही म्हणालं नाही. उपचार नीट घेतले तर चिठ्ठी देईन म्हणालं. त्याआधी त्याच्या कागदावर सगळं खरं लिहून हवं: सकाळची कधीपासून घेता?
मी म्हटलं, गेल्या महिन्यापासून.
बायकोने लिहिलं, चार वर्षं.
मग मला वाचून दाखवलं आणि म्हणाली, "चुकलं असेल तर सांगा, खोडते."
मी म्हटलं, "राहू दे."