अक्काच्या दंडाचा पट्टा

४ मार्च, सोमवार

आणलं एकदाचं प्रेशरचं मशीन! डॉक्टरबाईंनी दमच भरला. "तीन जिने उतरून, धापा टाकत येता, तो आकडा काय खरा? घरी मोजा. सकाळ-संध्याकाळ. लिहून ठेवा आणि मला फोनवर कळवा." अक्का खूश. गुडघ्यांमुळे तिला जिना म्हणजे शिक्षाच.

मी खूश नाही. आई भांडी घासता घासता खाली बसली ती उठलीच नाही. प्रेशर, म्हणाले सगळे. तेव्हा ती बासष्टची होती. अक्काला गेल्या महिन्यात बासष्टावं लागलं. तिच्यापुढे हे बोलायची सोय नाही, म्हणून इथे लिहिते. अक्का गेली तर माझं कोण आहे?

५ मार्च, मंगळवार

पहिल्याच घासाला खडा. पट्टा अक्काच्या दंडाला पुरेचना! ओढूनताणून लावला, हवा भरायला लागली आणि फटकन सुटला. अक्का हसून हसून लाल. "अगं टाचणे, बाईचा दंड आहे हा, बाहुलीचा नाही!" (टाचणी म्हणजे मी. लहानपणापासून. हडकुळी आणि टोचरी.)

दुकानदाराला फोन केला. "मोठा पट्टा मागवावा लागेल. आठ दिवस धरा."

आठ दिवस! तीस वर्षं लोकांचे कपडे सैल करून देतेय मी. अंगाने सुटलेल्या माणसाला त्याचाच जुना कोट घालून घरी पाठवलाय. जेवण झाल्यावर बसलेच. पट्ट्याला जोडायला त्याच निळ्या रंगाचं कापड, वीतभर लांब, टोकाला चिकटपट्टी, दुहेरी शिवण. अर्ध्या तासात काम फत्ते. पट्टा मागवलाच नाही.

६ मार्च, बुधवार

१६८ / ९८.

दवाखान्यात कधी दीडशेच्या वर गेला नव्हता! पाच मिनिटं गप्प बसवलं, पाय जमिनीला टेकवले, हात उशीवर, छातीच्या उंचीला. सगळं मशीनबरोबरच्या कागदात सांगितल्यासारखं. १७०.

मशीनच खोटं असेल म्हणून माझ्या हाताला लावलं. ११८ / ७६. म्हणजे मशीन ठीक आहे. अक्का ठीक नाही.

डॉक्टरबाई फोनवर – "आत्ताची गोळी दुप्पट करा. पाच दिवस आकडे लिहा, मग बोलू."

८ मार्च, शुक्रवार

१६४. १६६. अक्का मोजताना तोंड बंद ठेवत नाही. आज म्हणे, "शेजारीणबाईंच्या सुनेने केस कापले, पाहिलेस?" मी ओरडले. नंतर वाईट वाटलं. ओरडण्यानेही वाढत असेल तिचं.

भाजीत मीठ जवळजवळ बंद केलंय. "त्यापेक्षा गवत दे," म्हणाली.

११ मार्च, सोमवार

१६२. गोळी दुप्पट करूनही एवढंच उतरलं! डॉक्टरबाईंनी दुसरी गोळी जोडली. "पण एकदा घेऊन या त्यांना. मला स्वतः बघू दे."

अक्काला सांगितलं तर म्हणाली, "तू पाठीवर घेऊन उतरणार आहेस का मला?" आणि माझ्याकडे हॉटेलचे चाळीस एप्रन, शनिवारी द्यायचे. पुढच्या आठवड्यात जाऊ, असं ठरलं. ठरलं म्हणजे मीच ठरवलं.

१३ मार्च, बुधवार

१५४.

१४ मार्च, गुरुवार

सकाळी खाटेवरून उठताना अक्काने भिंत धरली. "काही नाही गं, डोळ्यांपुढे अंधारी आली." आईलाही आधी असंच व्हायचं की काय? आठवत नाही. मी तेव्हा बावीसची होते, माझं लक्ष कुठे होतं. लगेच मोजलं. १५०.

दोन-दोन औषधं, मीठ नाही, आणि तरी दीडशे! शिवायला बसले, पण कान सगळे आतल्या खोलीत. भांडं वाजलं की बरं वाटतं. वाजायचं थांबलं की उठून बघून येते. तिसऱ्यांदा गेले तेव्हा अक्का म्हणाली, "अजून आहे मी. जा, तुझं काम कर."

एक एप्रन उलटा शिवला गेला. माझ्या हातून!

१५ मार्च, शुक्रवार

आज सात वेळा मोजलं. अक्काने शेवटी हात मागे लपवला, लहान मुलासारखा.

१६ मार्च, शनिवार

एप्रन दिले. घरी आले तर अक्का दुपारची झोपलेली, हात गार, चेहरा पांढराफटक. उठवून मोजलं. १५२. दवाखाना बंद, फोन कुणी उचलेना. सोमवारपर्यंत वाट बघू? आणि तोवर काही झालं तर? मी अर्धी गोळी जादा दिली. अक्काने विचारलंसुद्धा नाही. मी देते ते ती घेते.

१७ मार्च, रविवार

अक्का पडली. न्हाणीघराच्या दारात. मी चार पावलांवर होते, चहा गाळत होते. आवाज ऐकला आणि मला कळलं – झालं. आईसारखंच झालं.

श्वास चालू होता. शेजारच्या दोघांनी खुर्चीत बसवून तिन्ही जिने खाली नेलं. इस्पितळ. मी मशीन पिशवीत टाकून बरोबर घेतलं. आणि आकड्यांची वही.

१८ मार्च, सोमवार

खुब्याचं हाड मोडलंय. शुद्धीवर आहे. नर्सने स्वतःच्या रुंद पट्ट्याने मोजलं – ८८ / ५४. पुन्हा – ८६. मला वाटलं यांचंच मशीन बिघडलंय! मी आमचं काढून दिलं, वाढवलेल्या गोळ्याही सांगितल्या. तिने पट्टा चाचपला, अक्काच्या दंडाला गुंडाळून बघितला.

"बाहेरून लांब केलाय, पण आतली हवेची पिशवी आहे तेवढीच. यांच्या जेमतेम अर्ध्या दंडाला पुरते. अशाने आकडा उगाच जास्त येतो. आणि त्यावर गोळ्या वाढवत गेलात? प्रेशर इतकं खाली गेल्यावर माणूस पडणारच! हा पट्टा वाढवला कुणी?"

मी मशीनची नळी गुंडाळायला लागले.

खाटेवरून अक्काच म्हणाली, कौतुकाने – "माझ्या बहिणीने. शिवण सापडतेय का बघा कुठे."