नाल्याकाठचा ढीग

३ जून
उपसला एकदाचा नाला! सगळी गल्ली उतरली होती. गुडघाभर चिखल, आणि चिखलात पाण्याच्या रिकाम्या प्लास्टिक पिशव्याच पिशव्या. अर्ध्या माझ्याच दुकानातून गेलेल्या असणार — पिशवीतलं थंड पाणी मीच विकते ना. ढीग काठावर रचलाय, बाबांच्या खिडकीला लागेल एवढा. ट्रक येणार म्हणे.

नाही आला तर? पाऊस पडला की ढीग परत नाल्यात आणि नाला आमच्या घरात. दरवर्षीचंच आहे. गेल्या वर्षी पाणी बाबांच्या खाटेला लागलं. अर्धं अंग लुळं, उठणार कसे? नुसते छताकडे बघत होते. ते डोळे अजून दिसतात मला.

५ जून
ट्रक आला आणि रिकामाच गेला! "मावशी, कचरा डेपो भरलाय. चिखलात कालवलेलं प्लास्टिक आता घेत नाहीत. पिशव्या वेगळ्या करा, धुवा, मग बोलवा."

म्हटलं, तोवर पावसाने दम धरला पाहिजे ना! ट्रकवाला हसला आणि गेला.

६ जून
सकाळपासून ढिगाशी बसलेय. पिशव्या एकीकडे, गाळ एकीकडे. न्हावी ओकाइजा दुकानातून मला ओरडतो — "देदेई, मोती सापडले तर आम्हालाही दे गं!" हसायला सगळे, हात लावायला कोणी नाही. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

दुकानाला पोतं टांगलंय. रिकामी पिशवी आणा, तरच भरलेली मिळेल. दोन गिऱ्हाइकं शिव्या देऊन गेली. जाऊ देत.

होमोवोचा सण जवळ आलाय, सणाआधीच्या रीतीप्रमाणे ढोल बंद आहेत. सगळं गाव गप्प. त्यात जरा गडगडलं की हातातलं टाकून आधी आकाशाकडे बघते.

७ जून
ढग.

८ जून
ट्रकवाल्याने धुतलेल्या पिशव्यांची पोती नेली! थेट कारखान्यात जातील, वितळवून बादल्या करतात म्हणे. डेपोत एकही जाणार नाही. ओकाइजासुद्धा येऊन बसला, नाक दाबून. पण निम्मा ढीग अजून तसाच, आणि आकाश काळंठिक्कर. हात थांबत नाहीत, भीतीही थांबत नाही.

शेवटी धाकट्या बहिणीला, कोर्कोरला फोन केला. म्हणाली, "ताई, बाबांना माझ्याकडे आण. इथे पुलाजवळ नाला केवढा रुंद आहे! पाणी कधी चढलेलं नाही."

नेऊन सोडलं. मक्याच्या केंकीचे दोन घास भरवले. निघताना बाबांनी माझं बोट धरून ठेवलं, सोडेनातच. धाकटीचं घर याच नाल्याच्या खालच्या अंगाला आहे, पण जोतं उंच आहे. आज झोप लागेल मला.

९ जून
कोसळला! दुपारीच अंधारलं. ढीग घसरून नाला बुजायला लागला, पाणी आमच्या उंबऱ्याला. ओकाइजा फावडं घेऊन धावत आला — "लोट आत सगळं! धार जोरात आहे, समुद्रात जाईल!"

मी थांबले. पाणी उंबरा ओलांडून आत आलं. मग लोटलं — दोघांनी मिळून, राहिलेलं सगळं. पिशव्या गरगरत गेल्या. पाणी उतरलं, घर वाचलं! बाबांची रिकामी खाट कोरडी बघून मी ओल्या अंगानेच हसत बसले.

१० जून
कोर्कोरचा फोन. नुसती रडत होती. पुलाखाली नाला तुंबला, पाणी एकदम घरात शिरलं. बाबांना उचलायलाही वेळ मिळाला नाही. बाबा गेले.

"ताई, एवढ्या पिशव्या एकदम आल्या कुठून गं?"