काटेकोर यांचे मृत्युपत्र, भाताच्या कबुलीसह

मी, खाली सही करणार, वय वर्षे अडुसष्ट, धंदा तराजू-काट्यांची दुरुस्ती, बाजारात 'काटेकोर' या नावाने ओळखला जाणारा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मर्जीने लिहून ठेवतो. मला मधुमेह आहे. साखर फार खाली गेली की माणूस वाटेल ते बोलतो, हे मी अनुभवाने जाणतो. म्हणून पुढे कोणी शंका काढू नये यासाठी लिहायला बसण्याआधी बोट टोचून पाहिले. जेवणानंतर दोन तासांनी एकशे अठरा. डॉक्टरांनीही तपासून दाखला दिला आहे, तो सोबत टाचला आहे. याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. केले असल्यास ते रद्द समजावे.

कलम १. राहते घर, म्हणजे दुकानाच्या वरच्या तीन खोल्या आणि गॅलरी, माझ्यामागे पत्नीचे. तिच्यामागे मुलीचे. बँकेत जे काही आहे तेही पत्नीचे. आकडा तिला माझ्यापेक्षा चांगला माहीत आहे.

कलम २. पितळी वजनांची लाकडी पेटी, एक ग्रॅमपासून दोन किलोपर्यंत, मुलीला द्यावी. ती शाळेत विज्ञान शिकवते. मुलांना वजने हाताळू द्यावीत, पण घामेजल्या बोटांनी नाही. तिने चाळिशीनंतर दरवर्षी रक्त तपासावे. माझे नाक तिला मिळाले आहे, तेव्हा बाकीचेही मिळाले असण्याची शक्यता धरावी. आहारतज्ज्ञ बाईंचे एक सांगणे तिने आतापासूनच पाळावे: ताटात आधी भाजी आणि अंडे किंवा डाळ संपवावी, भात किंवा पाव शेवटी. मी याच्या उलट साठ वर्षे जेवलो.

कलम ३. दुकानातले पान्हे, चिमटे, स्प्रिंगा, शिसे वितळवायची पळी आणि कामाचे टेबल समोरच्या काटेवाल्याला द्यावे. त्याने माझी निम्मी गिऱ्हाइके पळवली आणि दुकानाची पाटी माझ्या पाटीपेक्षा मुद्दाम वीतभर मोठी लावली, हे मी विसरलेलो नाही. पण त्याचा हात चांगला आहे. अवजारांनी माझ्या रागापायी गंजत का पडावे?

कलम ४. रक्तातली साखर तपासायचे यंत्र मेहुण्याला, म्हणजे पत्नीच्या धाकट्या भावाला द्यावे. साखरेचा आजार काळजी करणाऱ्यांनाच होतो, असे त्याचे मत असून ते तो तोंडात केक असताना मांडतो. गेल्या वर्षी मी त्याचा हात धरून त्याच्याच बोटाला सुई टोचली. यंत्राने दोनशे साठ दाखवले. यंत्र बिघडले आहे असे म्हणून त्याने आणखी एक तुकडा घेतला. यंत्र बिघडलेले नाही. यंत्रांतले मला कळते.

कलम ५. हे कलम माझी थोरली बहीण, म्हणजे ताई, आणि माझी पत्नी या दोघींसाठी आहे. दोघींना एकत्र बसवून मोठ्याने वाचून दाखवावे. त्या एका खोलीत बसायला तयार होणार नाहीत. तरी बसवावे.

चव्वेचाळीस वर्षांत मी एकाही दुकानदाराला काट्यात फेरफार करून दिला नाही. एका मासेवाल्याने 'काटा जरा आपल्या बाजूने झुकता ठेवा' असे सुचवले, तेव्हा त्याचा काटा त्याच्या डोक्यावर ठेवून त्याला बाहेर काढले होते. दुसऱ्याच्या पारड्यात मी कधी बोट घातले नाही. घातले ते स्वतःच्या ताटात.

एकसष्टाव्या वर्षी गोळ्या पुरेनात म्हणून इन्सुलिन सुरू झाले. आहारतज्ज्ञ बाईंनी पत्नीला आणि मला समोर बसवून कर्बोदके म्हणजे काय ते समजावले. तोपर्यंत मी समजत होतो की गोड सोडले की सुटलो. भात, पाव, बटाटा, दूध, फळे या सगळ्यांची पोटात शेवटी साखरच होते, हे ऐकून मला जवळच्या माणसांनी दगा दिल्यासारखे वाटले. बाईंनी बंदी कशावरच घातली नाही. माप घातले. दुपारी शिजलेला भात एकशे पन्नास ग्रॅम. बटाटा हवा असेल तर त्या मानाने भात कमी. जेवढी कर्बोदके, त्या हिशोबाने इन्सुलिन.

पत्नीने माझ्याच दुकानातून एक छोटा डिजिटल काटा वर नेला. पहिल्या दिवशी तिने तोलून वाढलेला भात बघून मी विचारले की हा कोणासाठी आहे. तिने सांगितले, तुमच्यासाठी. चिमणीने मागे ठेवावा एवढा तो घास होता. मी वाद घातला, अबोला धरला, एकदा ताट तसेच ठेवून उठलो आणि पाच मिनिटांनी परत येऊन बसलो. तिचे उत्तर एकच:

"अहो, काटा तुमच्याच हातचा आहे. त्याच्याशी भांडा."

मग मी काट्याशीच भांडलो. असा काटा नवा लावताना त्याला एकदा शिकवावे लागते. त्याच्यावर अर्ध्या किलोचे वजन ठेवून बटण दाबले की पाचशे ग्रॅम म्हणजे किती ते तो लक्षात ठेवतो. पत्नी भाजी आणायला गेली असताना मी अर्ध्या किलोच्या जागी पाऊण किलो ठेवले आणि बटण दाबले. बिचारा शिकला. त्या दिवसापासून तो एकशे पन्नास दाखवी तेव्हा ताटात सव्वादोनशे असे. पत्नीला शंका आली नाही. उलट ती म्हणाली की पसरून वाढले की भात जास्त दिसतो, हे तिला आधी सुचायला हवे होते.

आठ महिने मी सुखात जेवलो. जेवणानंतरची साखर मात्र चढीच राही. पत्नी रोजचे खाणे वहीत लिहून दवाखान्यात नेई. डॉक्टर वही बघत, आकडे बघत आणि डोके खाजवत. वहीत चूक नाही, रक्तात आहे, म्हणजे हे रक्तच हट्टी, असे ठरून दहाचे चौदा युनिट झाले, चौदाचे अठरा. मी समोर बसून मान डोलावली. तेव्हा तोंड उघडायला हवे होते. लाज वाटली, आणि खरे सांगायचे तर भातही सोडवेना.

त्याच सुमारास मुलीचे बाळंतपण आले. पत्नी महिनाभर तिच्याकडे गेली आणि मला ताईकडे ठेवले. जाताना तिने एक कागद लिहून दिला: सकाळी काय, दुपारी काय, किती तोलून. ताईचा काटा जुना, दोन पारड्यांचा, मीच वर्षानुवर्षे नीट केलेला. तो खोटे बोलणे शक्य नव्हते. ताईने कागद भिंतीला चिकटवला आणि तिसऱ्या दिवसापर्यंत भाताचा एक दाणा इकडचा तिकडे होऊ दिला नाही.

म्हणजे पोटात खरे एकशे पन्नास आणि अंगात सव्वादोनशेचे इन्सुलिन. पहिले दोन दिवस हात थरथरले, घाम आला; मी चोरून बिस्किटे खाल्ली आणि निभावले. तिसऱ्या दिवशी बिस्किटे संपली होती. दुपारी दाढी करायला सलूनमध्ये गेलो. तिथे काय झाले ते सलूनवाल्याकडून कळले आहे. अर्ध्या गालाचा साबण पुसला गेला असताना मी त्याला अधिकारी आवाजात विचारले की या खुर्चीवर सरकारी शिक्का का नाही, ही दोन किलो कमी दाखवते. त्याला वाटले, दुपारीच घेऊन आलोय. मग मी खुर्चीवरून घसरलो. शेजारचे औषधवाले धावत आले, त्यांनी घाम पाहून ओळखले. मला गिळता येते आहे याची खात्री करून साखरेचे पाणी पाजले. यंत्राने अठ्ठेचाळीस दाखवले. आणखी अर्धा तास एकटा असतो तर हे मृत्युपत्र लिहायला मी उरलो नसतो.

पत्नी निरोप मिळताच आली. दारातच ती ताईला म्हणाली, "वन्सं, माझ्या माणसाला उपाशी ठेवलंत." ताई म्हणाली, "तुझ्या कागदावर होतं तेवढं तोलून दिलं. कागदच चुकीचा लिहिला असशील." कागद बरोबर होता. काटाही बरोबर होता. चुकीचा होता तो पलंगावर उशीला टेकून दूध पीत होता आणि दोघींकडे आळीपाळीने बघत होता.

त्या दिवसापासून सहा वर्षे त्या एकमेकींशी बोललेल्या नाहीत. घरी परतल्यावर मी पहिल्याच संध्याकाळी काटा पुन्हा खरा करून ठेवला. डॉक्टरांना बाहेर चोरून खात होतो असे अर्धे खरे सांगितले, त्यांनी डोस उतरवला, साखर ताळ्यावर आली. सगळे जागच्या जागी आले, त्या दोघी सोडून. ताईच्या नातवाच्या लग्नात पत्नी शेवटच्या रांगेत बसून परत आली. मी दोघींकडे जाऊन दुसरीची बाजू मांडत असे आणि समजूतदार म्हणवून घेत असे.

ताई, चूक तुझी नव्हती. बायको, तुझीही नव्हती. या कलमाने मी माफी मागतो.

वरचे कलम लिहून झाल्यावर मी साक्षीदार म्हणून औषधवाल्यांकडे गेलो. साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते, पण त्यांनी डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचण्यात आयुष्य काढले आहे. पाचवे कलम वाचून त्यांनी चष्मा काढला.

"हे तुम्ही गेल्यावर वाचायचं?"

मी हो म्हटले.

"मग त्या ओरडणार कोणावर? मेलेल्या माणसावर ओरडता येत नाही हो. जिवंतपणी हक्काने ओरडून घेऊ दे त्यांना."

सही न करताच त्यांनी कागद परत दिले.

तीन दिवस मी कागद खिशात घेऊन हिंडलो. चौथ्या दिवशी दुपारी जेवणाआधी स्वयंपाकघरात पत्नीला सगळे सांगितले. ती भात तोलत होती. तिने डाव खाली ठेवला.

"किती?" तिने विचारले.

"एकशे पन्नासला सव्वादोनशे."

तिने काट्यावरचा आकडा वाकून पाहिला. ती म्हणाली, "इन्सुलिन टोचून घेतलंत ना? मग आधी जेवा. नंतर बघते तुमच्याकडे."

तिने भात वाढला, समोर बसली आणि शेवटच्या घासापर्यंत माझ्याकडे टक लावून बघत राहिली. असे जेवण मी उभ्या जन्मात जेवलो नव्हतो. हात धुतल्यावर तिने साडी बदलली, मला चपला घालायला लावल्या आणि आम्ही ताईकडे गेलो.

ताईने दार उघडले. पत्नीला बघून ती बाजूला झाली नाही, आणि दारही लावले नाही. पत्नी म्हणाली, "वन्सं, याला काहीतरी सांगायचंय." एकेचाळीस वर्षांच्या संसारात ती मला कोणासमोर 'याला' म्हणाली ती ही पहिलीच वेळ. मी उंबरठ्यावर उभ्यानेच सांगितले. ताई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. ती रागावेल, चपलेने मारेल, अशी मी तयारी केली होती. ती आत जाऊन खुर्चीवर बसली.

"मी तो काटा तीन वेळा तपासून आणला," ती म्हणाली. "तुझ्या समोरच्या काटेवाल्याकडून. तिन्ही वेळा तो म्हणाला, काटा एकदम बरोबर आहे. तरी मला वाटायचं, माझ्याच हातून काहीतरी झालं. माझ्या भावाला मीच मारलं असतं."

मी विचारले, माझ्याकडे का नाही आणलास?

"तुला वाटलं असतं, ताईचा आपल्या कामावर विश्वास नाही."

पत्नी पुढे झाली आणि ताईच्या पायाशी खाली बसली. दोघी रडल्या. मग डोळे पुसून दोघी माझ्याकडे वळल्या. पुढचा पाऊण तास मृत्युपत्रात नोंदवण्यासारखा नाही. औषधवाल्यांचा सल्ला मात्र शंभर टक्के बरोबर होता.

कलम ५ मधली माफी त्यामुळे मागून झाली आहे. ते कलम खोडत नाही. मुलीने आणि नातीने ते वाचावे.

कलम ६. घरातली मागची खोली ताईला हवी तेव्हा आणि हवी तितकी वर्षे राहायला द्यावी. हे कलम पत्नीने सांगितले आणि मी लिहिले. अक्षरसुद्धा तिने तपासले आहे.

कलम ७. माझ्यामागे जे भेटायला येतील त्यांना पोटभर जेवू घालावे. ज्याला माप आहे त्याने आपले माप स्वतः पाळावे. कोणाच्याही ताटाकडे बघून कोणी काही बोलू नये.

ताई गेल्या आठवड्यापासून मागच्या खोलीत आहे. दोघी काल संध्याकाळी बाजारात गेल्या. मला बोलावले नाही. मी गॅलरीत उभा राहून बघत होतो. परत येताना भाजीची पिशवी जड झाली होती. एक बंद हिच्या हातात होता आणि एक ताईच्या. दोघींच्या बोलण्याला खंड नव्हता, आणि वर बघायला कोणालाच सवड नव्हती.

हे मृत्युपत्र मी वाचून पाहिले, बरोबर आहे, म्हणून खाली सही करतो.

सही : काटेकोर

साक्षीदार १ : औषधवाले. मजकूर पुन्हा वाचला, या वेळी सही केली.

साक्षीदार २ : सलूनवाला. सही करणाऱ्याला शुद्धीवर असताना आणि नसताना, दोन्ही वेळा पाहिले आहे. आज शुद्धीवर आहे.

ठिकाण : दुकानातले कामाचे टेबल
दिनांक : ९ फेब्रुवारी, दुपारी साडेतीन