ट्रेलरवरची पेटी

अहो मिस्त्री,

नव्या कामाची जागा पाहून तुम्ही परताल, तोवर मी ड्यूटीवर गेलेली असेन. जेवण ओट्यावर झाकून ठेवलंय. गरम करून घ्या, उभ्याउभ्या गिळू नका.

ट्रेलरसाठी पेटी निवडायचं काम माझ्या गळ्यात टाकून गेलात, ते केलं. दुकानदार प्लॅस्टिकची खपवायला बघत होता. मी झाकणावर बसून दाखवलं, तसं ते मधोमध दबलं. पत्र्याची घेतली. झाकणाला आतून रबराची पट्टी आहे, त्यामुळे हत्यारं गंजणार नाहीत. ट्रेलरच्या पुढच्या बाजूला नीट बसते. रंधे, ड्रिल, पटाशा, सगळं आत लावून ठेवलंय. लांब करवत तेवढी तिरकी ठेवावी लागते.

तुम्ही मोठी पेटी सांगितली होती, विसरले नाही मी. मोठीही होती दुकानात. तुमची अंथरुणाची वळकटी स्कूटरवर बांधून नेली आणि त्या पेटीत घालून पाहिली. दुकानदार बघतच राहिला. वळकटी, उशी, वर स्टोव्हसुद्धा आरामात मावला. म्हणून ती घेतली नाही.

गेल्या कामावर ‘रोज कुठे येत-जात बसू’ म्हणत तुम्ही तिथेच झोपायला लागलात. या घरात तुमच्या घोरण्याशिवाय मला झोप लागत नाही, हे कुणाला सांगू?

वळकटी सोडून पलंगावर तुमच्या बाजूला अंथरली आहे. रागवायचं असेल तर खुशाल रागवा. पण मी येईपर्यंत थांबा आणि समोर बसून रागवा.