वाचून दाखवले, समजावून सांगितले

अप्पा,

परवा एग्मोर स्टेशनबाहेर इडल्या विकणाऱ्या एका आजींचं प्रतिज्ञापत्र मी त्यांना वाचून दाखवत होते आणि माझी ज्युनिअर सारखी घड्याळाकडे बघत होती. तुमच्या हाताखाली असताना मी बघायची, अगदी तशीच! कागद इंग्रजीत, आजींना येते फक्त तमिळ. मजकूर तमिळमध्ये वाचून दाखवला, समजावून सांगितला, असं एक ठरलेलं वाक्य शेवटी असतं. बहुतेक वकील ते छापतात, अंगठा घेतात आणि मोकळे होतात. तुम्ही मात्र खरंच वाचून दाखवायचात. तेही स्वयंपाकघरात, कारण समोरच्या खोलीत निकालांच्या आणि त्यांवरच्या भाष्यांच्या जाडजूड पुस्तकांमुळे पाय ठेवायला जागा नसायची. आई सांबाराला फोडणी देतेय, पाटावर कुणीतरी अंग चोरून बसलंय आणि तुम्ही एकेक ओळ तमिळमध्ये सांगताय. "कळलं? नाही? मग परत." एकदा एका बाईला वाचून दाखवताना वैतागून मी म्हटलं, "अप्पा, कोण तपासायला येणार आहे?" केवढे भडकलात! "शपथ कोण घेतंय? ती. मग स्वतः कशाची शपथ घेतेय हे तिला कळायला नको?" आईने माझ्या हातात कॉफीचा टंबलर दिला.

तर परवा. आजींना फुटपाथवरून उठवायचं महापालिकेने ठरवलंय आणि त्याआधी नोटीस दिलीच नाही, असं आम्ही लिहिलं होतं. अशा केसेसमध्ये बहुधा तसंच असतं, म्हणून ज्युनिअरने जुन्या मसुद्यातली ओळ उचलली आणि मीही मान डोलावली. ती ओळ ऐकताच आजी म्हणाल्या, "अय्यो, आली होती की कण्णा, माझ्या बाळा! अंगठा घेऊन गेले. काय लिहिलंय विचारलं, तर म्हणाले नंतर सांगू." मी पेन काढलं. ओळ बदलली. नोटीस आली, पण कुणी समजावली नाही, आजींचं म्हणणं ऐकून घेतलं नाही, असं लिहिलं. आज कोर्टात समोरच्या वकिलांनी मोठ्या ऐटीत नोटिशीवरचा तो अंगठा पुढे केला. जजसाहेब म्हणाले, "हे तर त्यांनी स्वतःच सांगितलंय." पुढच्या तारखेपर्यंत जागेला हात लावायचा नाही, असा हुकूम झाला. नाहीतर आजी खोट्या ठरल्या असत्या आणि नवरा गेल्यापासून त्यांचं पोट भरणारी ती जागाही गेली असती. अप्पा, तुमच्या त्या हट्टाचे उपकार मी कसे फेडू? मला तिथेच रडू आलं, फाइल तोंडापुढे धरली.

बाहेर आल्यावर आजींनी विचारलं, "आता जागा माझीच ना?" अजून नाही, नुसती स्थगिती आहे, निकाल उलटाही जाऊ शकतो, हे मी नीट समजावलं. "बरं, उद्या चूल पेटवते तर," म्हणाल्या आणि निघाल्या.

आजी नाहीत, निकालाला घाबरलेय ती मी. हे ज्युनिअरला सांगता येत नाही आणि हे पत्र पाठवायला पत्ता नाही. हरलेल्या माणसांनाही निकाल तुम्ही त्याच पाटावर बसवून सांगायचात, पण तेव्हा आई मला बाहेर काढून दार लोटून घ्यायची. आत तुम्ही काय बोलायचात, ते मला माहीत नाही.