जाळ्याचे मणी

घुग्घुस,
१४ जानेवारी २००४

चि. रिंकूस,
हेमराजदादाचा आशीर्वाद. इकडे थंडी आहे, कोळशाची धूळ आहे, तुझी वहिनी दोनदा अंगण झाडते आणि ट्रकवाल्यांच्या नावाने बोटं मोडते. बाकी ठीक.

बाबांसाठी माझ्या पत्त्यावर पाठवलेला फोटो पोचला. त्यांच्या मासळीच्या जाळ्याचे शिशाचे मणी नळीतून पडताहेत आणि तुमच्या इंदूरच्या प्रयोगशाळेतल्या नव्या सेन्सरने एक्स-रेत त्यांना अधांतरीच पकडलंय. पापणी लवायच्या आत असे कितीतरी फोटो निघतात म्हणे. बाबांनी तो देवाजवळ लावला, आल्या-गेल्याला दाखवतात. मी इतकी वर्षं दवाखान्यात एक्स-रे काढतो, निम्म्या घुग्घुसची हाडं माझ्या हाताखालून गेली. माझी एक फिल्म त्यांनी कधी उजेडात धरली नाही. उलट म्हणाले, "तुह्या फोटोले माणसाले दम रोखून उभं राहा लागते. पोरीच्या फोटोत पडती वस्तूबी साफ दिसते. तुह्यी मशीन जुनी हाये का?"

मी हसलो. पण माझ्या पोटात दुखलं, रिंकू. अजून दुखतंय.

फोटोपेक्षा मणी जास्त सलतात. जाळ्याचं शिसं घराबाहेर देत नाहीत, हे बाबांनीच शिकवलं. लहानपणी गोट्या खेळायला मी एक मणी मागितला, तर पाठीत धपाटा बसला. तू सेन्सर तपासायला मागितलेस आणि त्यांनी स्वतः जाळ्याच्या घेराचा दोरा कापून दिले.

आता खरं लिहितो. फोनवर हे माझ्याने बोलवलं नसतं. तो फोटो माझ्या घरच्या देवाजवळ आहे. बाबा दिवाळीपासून गावी मार्कंड्याला नाहीत, इथेच आहेत. खोकला थांबत नव्हता म्हणून छातीची फिल्म मीच काढली. त्यांना दम रोखता येईना, पहिल्या दोन्ही हलल्या. तिसरी साफ आली. उजव्या फुप्फुसात मोठा डाग आहे. डॉक्टर नागपूरला न्या म्हणतात.

तुला कळवलं नाही, कारण आयुष्यात पहिल्यांदा ते माझ्या वाट्याला आले होते. माझ्या हातून औषध घेतात, माझ्या खांद्याला धरून चालतात. तू आलीस की मी पुन्हा दिसेनासा होईन, अशी भीती वाटली.

जाळं त्यांनी सोबत आणलंय. मणी काढले तिथे घेर उचलला जातो, मासा खालून निसटतो. मी बाजारातून नवं शिसं आणून बांधायला बसलो, तर बाबांनी हात धरला.

"राहू दे. तिथं रिंकू बांधन."

तर ये. पुढच्या आठवड्यात त्यांना नागपूरला नेतोय, त्याच्या आत ये आणि मणी आण. गाठ तूच मार. घेर मी ताणून धरीन. फक्त बसताना थोडी बाजूला बस, म्हणजे बाबांना माझेही हात दिसतील.

तुझ्यावर जळणारा आणि तुझी वाट पाहणारा,
हेमराजदादा